दोनशे चौदाचा चार

त्या गुरुवारच्या फाइलमध्ये तेवीस ओळी होत्या. एका गावाची एक ओळ. नऊ ओळींत कंपार्टमेंटचा, म्हणजे जंगलाच्या तुकड्याचा, आकडा एक अंकी होता, सहांत दोन अंकी, सातांत तीन अंकी, आणि एका ओळीत आकडाच नव्हता. शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्येही तेवीसच ओळी होत्या. पहिल्या फाइलवरून यंत्रानं तयार केलेल्या. त्यांतल्या नऊ बरोबर होत्या.

निशातनं दोन्ही फाइली समोरासमोर लावल्या आणि पुन्हा मोजल्या. बरोबर नऊ. चुकलेल्या तेरा. बिनआकड्याची एक जशीच्या तशी उतरलेली. चुकलेल्या तेरांपैकी बारा गावांत काहीच झालं नव्हतं. तेरावी ओळ करूटोल्याची होती.

करूटोल्याच्या जंगलावर लक्ष ठेवणाऱ्या पोचूनं पाठवलं होतं: करूटोला तो 214 नाल्याकडे. यंत्रानं गावाला सांगितलं होतं: करूटोला, आज कंपार्टमेंट चारमध्ये वाघ आहे, तिकडं जाऊ नका. शुक्रवारी पहाटे पोचूची मोठी बहीण ज्योत्स्ना मोहाची फुलं वेचायला चार सोडून दोनशे चौदात गेली. तिथं नाला होता.

त्यानंतर आज पहिल्यांदा कोणी हा कॉम्प्युटर उघडला होता. मधल्या दिवसांत पंचनामा झाला, ज्योत्स्नाची माती झाली, गावाची बैठक झाली. निशात सगळीकडे गेली होती. बैठकीत तिला बसायला खाट दिली होती, ती खाली बसली होती. कोणी तिला रागावलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं होतं, "यंत्र खोटं काऊन बोललं, पोरी?" ती म्हणाली होती, माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तिला रडू आलं नव्हतं, अजूनही येत नव्हतं. चंद्रपूरहून अम्मी रोज फोनवर विचारायची, जेवलीस का, आणि ती हो म्हणायची, आणि ते खरं असायचं. ती जेवत होती, झोपत होती, केस विंचरत होती.

चामोर्शीच्या बसस्टँडमागच्या या दोन खोल्यांत संस्थेचे तिघं काम करत. हेमराजभाऊ प्रमुख. संख्याशास्त्रात एमएस्सी केलेली निशात दीड वर्षापासून इथं होती. सुनिल ऊर्जानगरचा, त्याचे वडील विजेच्या कारखान्यात, आणि तो कॉम्प्युटर शिकलेला. कामाची रीत साधी होती. तेवीस गावांतले वॉचर सकाळी जंगलात फिरून येत आणि दुपारी फोनवरून एक ओळ पाठवत: गाव, काय दिसलं, कुठल्या कंपार्टमेंटात. संध्याकाळी कॉम्प्युटर एका आज्ञेनं त्या ओळींची वाक्यं करी, आणि सहा वाजता त्या त्या गावातल्या बायांच्या फोनवर यंत्राचा आवाज ते वाक्य बोलून दाखवी. मोह रात्री गळतो आणि बाया अंधारातच निघतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच कळायला हवं.

हेमराजभाऊ दुपारी जेवून आले तेव्हा दारातच उभं राहून बोलले.

"चूक सापडली तं आज सहाले फोन लावू. नाई सापडली तं बंद. कायमचं बंद. चुकीचा फोन जाण्यापरीस फोन नसलेला बरा."

"आणि बाया, भाऊ?" निशात म्हणाली. "मोह तं आत्ता भरात आहे."

"बाया जातीलच. त्यायले कोण थांबवते?" ते आत जाऊन बसले. पंख्याचा आवाज येत राहिला.

सुनिल भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. खुर्ची रिकामी होती. त्यानं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती.

"जुनी आज्ञा आहे का तुझ्यापाशी?" तिनं विचारलं.

"आहे. वर. मी पुसली नाई."

तिनं ती काळ्या खिडकीत आणली.

s/^([^ ]+) वाघ ([0-9]+).*/\1: कंपार्टमेंट \2/

ही आज्ञा मागच्या पावसाळ्यापासून चालत होती. ओळ वाच, तिच्यात गाव, मग 'वाघ', मग आकडा असा साचा शोध, सापडला तर सगळं पुसून त्या जागी हे नवं वाक्य लिही. कंसात जे सापडतं ते आज्ञा लक्षात ठेवते. पहिल्या कंसातलं एक नंबरच्या खिशात, दुसऱ्यातलं दोन नंबरच्या. खिसा हा शब्द सुनिलचा. नवीन वाक्यात उलटी रेघ आणि आकडा लिहिला की त्या खिशातली वस्तू तिथं येते.

"मग बदललीस काऊन?"

"कारण मोह लागला." सुनिल छताकडे बघून बोलत होता. "त्या दिवशी एकाबी ओळीत वाघ हा शब्द नाई आला. तो, मोठा, मालक, कोणी कायबी नाई, नुसता आकडा. साचा जुळलाच नाई. अन् साचा नाई जुळला तं आज्ञा ओळ तशीच्या तशी सोडते, तुले माहीतच आहे. यंत्र बोलून राह्यलं असतं, करूटोला तो दोनशे चौदा नाल्याकडे. बायायले काय समजलं असतं?"

"समजलं असतं," निशात म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. आकडा तरी बरोबर गेला असता, एवढाच तिच्या मनात हिशेब झाला.



मोह लागल्यावर करूटोल्यात आणि आसपासच्या टोल्यांत वाघाचं नाव तोंडानं घेत नाहीत, हे निशातला ज्योत्स्नानंच सांगितलं होतं, मागच्या वर्षी, चुलीजवळ बसून. शेवटचं फूल वाळेपर्यंत घ्यायचं नाही. ज्यानं पाहिलं तो सांगत नाही, जी जाणार ती विचारत नाही. पूर्वी ज्यानं पाहिलं तो गुपचूप वाटेवर पानांसकट एक फांदी आडवी टाकून यायचा. बाया फांदी बघून दुसरीकडे वळायच्या. फोन आले तेव्हा गावानं ते लगेच घेतले. यंत्राचं तोंड माणसाचं नाही. त्यानं नाव घेतलं तर बिघडत नाही. ज्योत्स्ना हसून म्हणाली होती, "आमी घेतलं तं पाप. तुमचा डबा बोलते तं बोलू द्या." फोन आल्यावर फांद्या टाकणं थांबलं. पण वॉचर लिहितानाही तो शब्द टाळतील, हे इथं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बोलणं आणि लिहिणं त्यांच्या लेखी एकच होतं.

"नवीन आज्ञा वाच," ती म्हणाली.

सुनिल उठला नाही. त्याला ती पाठ होती. तरी निशातनं ती स्वतः शोधून खाली आणली.

s/^([^ ]+)(.*)([0-9]+)(.*)$/\1: कंपार्टमेंट \3/

"चार कंस," ती म्हणाली. "पह्यले दोन होते."

"मधातलं काहीबी असू दे म्हणून एक वाढवला. शेवटी एक. आकडा दुसऱ्या खिशातून तिसऱ्यात गेला, म्हणून दोनचे तीन केले. ते मी बरोबर केलं."

"तपासलं?"

"एक ओळ टाकून पाह्यली. सालेगुड्याची. फाइलीत सगळ्यात वर तेच होतं." तो थांबला. "सालेगुड्याचं कंपार्टमेंट सात. सात आलं. मी पाच वाजताची बस पकडली."

निशातनं वाक्याची जागा रिकामी केली आणि तिथं फक्त चार खिसे लिहिले, प्रत्येकाभोवती चौकोनी कंस, म्हणजे कशात काय आहे ते नागडं दिसेल. मग करूटोल्याची ओळ सोडली.

[करूटोला][ तो 21][4][ नाल्याकडे]



दुसरा कंस हावरा होता. टिंब आणि तारा लिहिलं की तो मिळेल तेवढं गिळतो, आणि पुढच्यांना जगायला लागेल तेवढंच मागं ठेवतो. तिसऱ्या कंसाला किमान एक अंक लागत होता. त्यानं एक अंक ठेवला. आज्ञेला सांगितलं होतं तसंच तिनं केलं होतं. एक अंकी नऊ गावांत गिळायला काही नव्हतं, म्हणून ती नऊ बरोबर आली. निशातला हे सगळं एका क्षणात कळलं आणि कळल्याचं काहीच वाटलं नाही. पूर्वी अशी चूक सापडली की ती टेबलावर बुक्की मारायची आणि सुनिल म्हणायचा, टेबल सरकारी नाई, आपलं आहे, जपून.

"एकवीस खाल्ले," सुनिल म्हणाला.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

तो उठून बाहेर गेला. नळाखाली तोंड धुतल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

तिनं दुसऱ्या कंसाच्या शेवटी एक अट जोडली: गिळ, पण तुझं शेवटचं अक्षर अंक नसावं. आता त्याला आकड्याच्या आधीच थांबावं लागणार होतं. तिनं त्या गुरुवारची सगळी फाइल सोडली. बावीस ओळी जुळल्या. बावीसच्या बावीस बरोबर. करूटोल्यासमोर 214 आलं.

सुनिल ओल्या चेहऱ्यानं तिच्या मागं उभा होता. "झालं ना. सांग भाऊले."

तिनं आतल्या खोलीकडे मान वळवली होती, तेवढ्यात दारात पोचू दिसला.

पोचू तिशीतला, बारीक, खांद्यावर दुपट्टा. डोक्याचे केस काढलेले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. तिच्यात संस्थेनं दिलेला फोन होता आणि चार्जर, वायर नीट गुंडाळून रबर लावलेला.

"जमा करून घ्या, निशातबाई."

"बसा, पोचूभाऊ."

तो बसला. सुनिलकडे त्यानं पाहिलं आणि मान हलवली, नेहमी हलवायचा तशीच. सुनिल पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"चूक सापडली," निशात म्हणाली. "तुम्ही बरोबर पाठवलं होतं. इथं आमच्याकडे तुकडा पडला. दोनशे चौदातले पहिले दोन अंक गळले."

"मले माहीत आहे मी बरोबर पाठवलं." त्याचा आवाज सपाट होता. "माह्या फोनात आहे ते. मी पाह्यलं तेव्हाच."

"मी केलं ते," सुनिल म्हणाला.

पोचूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "ज्योत्स्नाबाई आंगणात टोपले काढून राह्यली होती. मी समोरूनच गेलो. ते मले म्हणते, फोन आला रे, चार म्हणते. बैठकीत म्या म्हटलं, माह्या ध्यानात नाई आलं. खरं सांगू का, मी थांबलो थोडासा. मनात आलं, चार कसं? पन तोंडानं बोलाव कसा? फांदी टाकाव तं वाटलं, फोन झाला, आता फांदी कायले." त्यानं टोक सोडलं. "यंत्राले जास्त समजत असन, असं वाटलं."

निशातच्या डोळ्यांसमोर पडद्यावरची ओळ होती आणि ती तिच्यातली अक्षरं मोजत होती, हे तिला थोड्या वेळानं कळलं.

"आज फिरून आले का तुम्ही?" तिनं विचारलं.

"गेलतो. वनवाल्यायसंगं."

"मग? कुठी आहे?"

पोचूनं तिच्याकडे फक्त पाहिलं. मग पिशवीत हात घालून जमा करायला आणलेला फोन काढला, चालू केला, आणि दोन अंगठ्यांनी हळूहळू टाइप करू लागला. निशात त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसली होती. त्यानं पाठवलं. निशातच्या पडद्यावर ओळ आली.

करूटोला 214 नाल्याजवळ 2 पिल्लं

निशातनं ती नव्या आज्ञेतून सोडली. चौकोनी कंस तसेच होते.

[करूटोला][ 214 नाल्याजवळ ][2][ पिल्लं]

कंपार्टमेंट दोन.

हावरा कंस अजून हावराच होता. अंकावर संपू नकोस, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं. तो पहिला आकडा अख्खा गिळून पुढच्या आकड्याच्या तोंडाशी जाऊन थांबला होता. गुरुवारच्या फाइलमध्ये एकाही ओळीत दोन आकडे नव्हते. म्हणून तिच्या बावीस ओळी बरोबर आल्या होत्या. सुनिलची एक ओळ बरोबर आली होती तशाच. आणखी थोड्या वेळात तिनं आत जाऊन भाऊंना सांगितलं असतं, आणि सहा वाजता यंत्र बोललं असतं.

सुनिल पुढं येऊन पडदा वाचत होता. त्यानं रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसला.

"पहिला आकडा घ्यायचा मग," तो म्हणाला. "गावानंतर अंक नसलेलं काहीबी, मग आकडा. तिथंच थांब."

"अन् कोणी 2 पिल्लं आधी लिहिलं तं?"

"कोणी नाई लिहीत."

"मोह लागल्यापासूनच्या सगळ्या ओळी काढ. मधल्या दिवसांत आलेल्या पण."

चारशे बारा निघाल्या. त्यांतल्या सात ओळींत दोन-दोन आकडे होते. तीनांत पिल्लं आधी होती, चारांत नंतर. आणखी सात ओळींत आकडाच नव्हता; कालच्याच जागी, असं लिहिलेलं, किंवा तिथीच.

"हे यंत्र कसं ओळखणार?" सुनिल म्हणाला.

"नाही ओळखणार. नाही ओळखायचंच."

तिनं हावरा कंस पुसला. आता साचा असा होता: गाव, मग अंक नसलेलं काहीही, मग एक आकडा, मग ओळीच्या शेवटापर्यंत पुन्हा अंक नसलेलं. ओळीत एकच आकडा असेल तर आणि तरच जुळेल. आणि जे जुळणार नाही ते तसंच पुढं सोडायचं नाही. ते वेगळ्या फाइलमध्ये, माणसासाठी.

s/^([^ ]+)[^0-9]*([0-9]+)[^0-9]*$/\1: कंपार्टमेंट \2/

कंस दोनच उरले होते.

चारशे बारांपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव जुळल्या. चौदा बाजूला पडल्या. सुनिल मूळ ओळीतला आकडा वाचायचा, निशात नव्या ओळीतला. सात. सात. एकशे नऊ. एकशे नऊ. बावन्न. बावन्न. हेमराजभाऊ मध्येच दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. पोचू ऐकत बसला होता. साधारण दीडशेव्या ओळीला तो म्हणाला, "पाढेच म्हणून राह्यले तुमी," आणि सुनिलच्या घशातून एक आवाज आला, हसल्यासारखा, आणि तिथंच थांबला. मग पुन्हा एकशे एकतीस. एकशे एकतीस. त्या सगळ्या आकड्यांत दोनशे चौदा अकरा वेळा आलं. प्रत्येक वेळी सुनिलनं ते इतर आकड्यांसारखंच वाचलं आणि प्रत्येक वेळी निशातनं तसंच उत्तर दिलं.

फरक कुठंच नव्हता.

आजच्या एकवीस ओळी आल्या होत्या. दोन गावांनी काही पाठवलं नव्हतं. एकोणीस यंत्रानं घेतल्या. दोन बाजूला पडल्या. एक सालेगुड्याची होती, बिनआकड्याची, तिच्यासाठी सुनिलनं तिथल्या वॉचरला फोन लावला आणि त्याच्याकडून ओळ पुन्हा लिहून घेतली. दुसरी पोचूची.

"पोचूभाऊ," निशातनं पडदा त्याच्याकडे वळवला. "यातला जागेचा आकडा कोणता?"

त्यानं उठून बोट लावलं. 214 वर. काचेवर बोटाचा ओला ठसा उमटला. निशातनं ते वाक्य हातानं लिहिलं, पिल्लांसकट.

करूटोल्याच्या फोनांची यादी उघडली तेव्हा ती थांबली. एकोणसाठ नंबर होते. तेहतिसावा ज्योत्स्नाचा.

"हा काढू का?"

पोचूनं नंबर ओळखला. तो जरा वेळ बघत राहिला. "राहू द्या. फोन तिच्या पोरीपाशी आहे."

"ती जाते का मोहाले?"

"जाते ना. न जाऊन कसं होईल?" तो पिशवी उचलून उभा राहिला. तिच्यात फोन आणि चार्जर होता. "मी उद्या फांदीबी टाकतो. तुमी फोनबी लावा."

"हे जमा नाही करायचं?" सुनिलनं विचारलं.

"फिरतीवर गेलो तं लिहाले पाहिजे ना," पोचू म्हणाला. "तुले कोण सांगन मंग?" आणि तो बस पकडायला गेला. सुनिल दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला, बस दिसेनाशी झाल्यावरही.

हेमराजभाऊंनी वेगळी ठेवलेली फाइल वाचली, जुळलेल्यांतल्या वाटेल त्या वीस ओळी स्वतः ताडून पाहिल्या, चष्मा काढून पुसला. "लाव," ते म्हणाले.

सहा वाजता फोन लागले. निशातनं तपासणीसाठी करूटोल्याच्या संदेशात आपलाही नंबर घातला होता, यादीच्या बाहेर. तिचा फोन टेबलावर वाजला. तिनं तो उचलून कानाला लावला. करूटोला, आज कंपार्टमेंट दोनशे चौदामध्ये वाघ आहे, पिल्लं आहेत, तिकडं जाऊ नका. यंत्राचा आवाज नेहमीचाच, बाईचा, कुठल्याच गावचा नसलेला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग सायीचा चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप धुतला.

साडेसहाला फोनांचा अहवाल आला. तिनं करूटोल्याची ओळ काढली आणि मोठ्यानं वाचली, सुनिलला ऐकू जाईल अशी.

लावलेले फोन एकोणसाठ. उचललेले एकतीस. शेवटपर्यंत ऐकलेले सव्वीस.